पट्टा रोज, दगड क्वचित

घरी वस्तऱ्याने दाढी करायला शिकणारा नवखा माणूस, पाते केस ओढू लागले की लगेच धार लावायचा दगड शोधतो. जाणकार म्हणतात, आधी पट्ट्याकडे वळा. चामड्याचा पट्टा ताणून धरायचा, पाते सपाट टेकवायचे आणि पाठ पुढे, धार मागे ठेवून ओढायचे. टोकाला पाते पाठीवरच उलटायचे. धारेवर उलटले तर पट्टा कापला जातो. असे 40-50 फेरे, तेही अगदी हलक्या हाताने. जोर दिला की पट्टा लवतो आणि धारेची कड गोल होते. दाढीनंतर पाते पुसून कोरडे करायचे, कारण ओलाव्याने धार न वापरताही जाते. दगड पोलाद झिजवतो; पट्टा वाकलेली कड सरळ करतो.

स्वभावाचेही तसेच. वर्षभर दुर्लक्ष करायचे आणि मग कडक संकल्पांच्या दगडावर स्वतःला घासायचे, यात माणूसच झिजतो. त्यापेक्षा दिवसभरात कुठे तिरके बोललो, कुठे वाकलो, ते रोज हलक्या हाताने सरळ करावे. जिथे दातरे पडले असतील, तिथेच दगड काढावा.