देणाऱ्याचा हक्क

“अखेर बाप तो बाप” हें वाक्य मीं आयुष्यांत अनेकदां उच्चारलें असेल. परंतु एकदां तें उच्चारल्याचा मला अद्यापि पश्चात्ताप होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. नवऱ्याचा मार तिनें सोसला होता. मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठले तेव्हां मात्र तिनें घर सोडलें. मीं तिला समेटाचा उपदेश केला व शेवटीं तें वाक्य जोडलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. मुलाचा वर केलेला सदरा खालीं ओढून ती निघून गेली. पुढें घटस्फोट झाला, मुलाचा ताबा तिला मिळाला, तिनें दुसरा विवाह केला. नव्या पतीनें त्या मुलाला सायकल शिकविली, गोवरांत त्याच्या उशाशीं रात्री जागून काढल्या. आतां त्याला रीतसर दत्तक घ्यावयाचें, तर पहिला नवरा संमति देत नाहीं. मूल त्याला नको आहे. मुलापुढें लागलेलें आपलें नांव मात्र हवें आहे.

ज्यानें पितृत्व मोडून टाकलें त्याच्या हातीं तें देण्याचा वा न देण्याचा हक्क कां उरावा, हा प्रश्न नवा नाहीं. ऐतरेय ब्राह्मणांत शुनःशेपाची कथा आहे. भुकेनें गांजलेल्या अजीगर्तानें थोरला मुलगा स्वतःकडे ठेवला, धाकटा आईनें ठेवला, आणि मधला शुनःशेप शंभर गाईंना यज्ञपशु म्हणून विकला गेला. त्याला यूपास बांधावयास कोणी पुढें येईना, तेव्हां बापानेंच आणखी शंभर गाई घेऊन त्याला बांधलें. आणखी शंभर घेऊन तो शस्त्र परजीत आला. दारिद्र्यानें पहिल्या शंभरांची उपपत्ति कदाचित् लागेल. पुढल्या दोनशांची लागत नाहीं. देवतांच्या स्तवनानें सुटलेला मुलगा विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला आणि मग अजीगर्त त्याला परत मागूं लागला! आपल्या पूर्वजांचा वंश सोडूं नकोस, अशी त्याची विनवणी. मुलगा नाकबूल झाला. तेव्हां बापानें पश्चात्ताप झाल्याचें सांगून गाईहि देऊं केल्या. मुलाचें उत्तर असें, कीं एकदां ज्यानें हें केलें तो पुन्हां करील.

हें उत्तर मला पूर्वीं कठोर वाटे. आज वाटत नाहीं. अजीगर्ताचा पश्चात्ताप खोटा होता असें कथा म्हणत नाहीं. पण क्षमा करणें आणि पुन्हां सत्तेखालीं जाणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, व दुसरीची सक्ति मुलावर करण्याचा अधिकार कोणाच्याहि पश्चात्तापाला नाहीं.

मनूच्या बारा पुत्रांत ‘स्वयंदत्त’ आहे: आईबापांनीं अकारण टाकलेला, स्वतःच स्वतःला देणारा. वसिष्ठ त्याचें उदाहरण म्हणून शुनःशेपाचेंच नांव घेतो. आणि तोच वसिष्ठ आईबापांना पुत्र देण्याचा, विकण्याचा वा टाकण्याचा अधिकार आहे असेंहि सांगतो! पुढें बहुतेक निबंधकारांनीं कलियुगापुरते औरस व दत्तक एवढेच ठेवले. स्वयंदत्त गेला, देणारा राहिला. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यांत बापानें संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल, किंवा न्यायालयानें त्याला वेडा ठरविला असेल, तर त्याची संमति लागत नाहीं. २०१० मध्यें देण्याचा हक्क आईलाहि सारखाच मिळाला, पण परस्परांच्या संमतीची अट कायम राहिली. म्हणजे दंड घेऊन घर सोडणाऱ्याला विचारावें लागत नाहीं. पट्टा घेऊन घरांत राहिलेल्याला विचारावें लागतें. १९५६ चाच पालकत्वाचा कायदा मुलाचें हित सर्वोपरि मानतो, पण सावत्र पित्याला नैसर्गिक पालकांतून स्पष्टपणें वगळतो. इंग्लंडांत २००२ च्या कायद्यानें, मुलाच्या हिताला आवश्यक असेल तर संमतीवांचून दत्तक मंजूर करण्याचा अधिकार न्यायालयास दिला आहे.

दुसरी बाजू मी विसरलेला नाहीं. संतापलेली आई नसते वळ सांगूं शकेल. सावत्र आप्ताच्या अंगीं लग्नाच्या हारासरशी वात्सल्य येतें असेंहि नाहीं. ध्रुवाला मांडीवर बसूं न देणारी सुरुचि आपल्याच पुराणांतली. म्हणून चौकशी कसून व्हावी. मुलालाहि विचारावें, त्याच्या वयाप्रमाणें व समजुतीप्रमाणें त्याची इच्छा लक्षांत घ्यावी, असें २०१५ चा बालन्याय कायदा सांगतोच. पण सावधगिरी म्हणजे चौकशी. एकाच माणसाच्या नकारापाशीं चौकशीच थांबणें, ही सावधगिरी नव्हे.

मला खरी अडचण वाटते ती निराळीच. दत्तकानें केवळ बाप तुटत नाहीं. त्याचें सारें घर तुटतें. या मुलाला तिकडे एक आजी आहे. मार चालू असतां मध्यें पडून तिनेंहि तडाखे खाल्ले होते. दर दिवाळीला ती अजून कोणाच्या तरी हातीं बेसनाचे लाडू पाठविते. कायद्याच्या दृष्टीनें ती उद्यां त्याची कोणी नसेल. हें मीं त्या बाईंजवळ बोलून दाखविलें, तेव्हां ती म्हणाली, “सर, आजींना आम्ही नेहमींच घरीं बोलावूं. त्यासाठीं कायदा कशाला?”

मुलगा आतां अकरा वर्षांचा आहे. येत्या रविवारीं त्या गृहस्थाकडे सही मागावयास मीं बरोबर यावें, अशी तिची इच्छा आहे. मीं होकार दिला आहे. तेथें काय बोलावें हें अजून ठरलेलें नाहीं. कोणतें वाक्य बोलावयाचें नाहीं, तेवढें ठरलें आहे.