बरे होणे हा सद्गुण आहे काय?

दुखणेकऱ्याच्या खाटेशी बसून आपण सहज बोलून जातो, "हिंमत धर, म्हणजे बरा होशील." हे बोल ममतेचे असतात, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांच्या पोटी असा एक समज दडलेला असतो की, जो बरा झाला त्याने हिंमत धरली, व जो झाला नाही त्याने ती सोडली. हा समज कितपत खरा आहे, हे अमेरिकेतील दोन खेळाडूंच्या उदाहरणावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या देशात फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो, त्यात चेंडू हाती घेऊन धावावयाचे असते, व प्रतिपक्षाचे गडी धावणाऱ्यास धरून खाली पाडतात. जॉर्जिया विद्यापीठाचा निक चब हा असाच धावणारा गडी. ता. १० ऑक्टोबर २०१५ रोजी टेनेसीविरुद्धच्या सामन्यात आरंभीच त्याचा डावा गुडघा निखळून आतील तीन बंध तुटले. पुढल्या वर्षी, ता. ३ सप्टेंबर रोजी, तो पुन्हा मैदानात उतरला आणि त्या एकाच सामन्यात २२२ यार्ड धावला. पुढे तो धंदेवाईक खेळाडू झाला. २०२३ साली तोच गुडघा पुन्हा जायबंदी झाला. तरी २०२४ च्या ऑक्टोबरात तो परत खेळावयास आला.

दुसरा गडी साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा मार्कस लॅटिमोर. २०११ साली त्याचा डावा गुडघा मोडला. तो बरा करून तो परतला. ता. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी उजवा गुडघा निखळला. तेव्हा दोन्ही पक्षांचे गडी त्याच्याभोवती गोळा झाले. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्यास निवडले. परंतु संघाच्या साखळीतील एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

आता पहिला हिंमतवान व दुसरा भित्रा, असे कोण म्हणेल? लॅटिमोर तर एकदा मोडून परतलेला होता. चबच्या गुडघ्यातील पुढचा मुख्य बंध त्या दिवशी शाबूत राहिला, ही काही त्याच्या निश्चयाची कमाई नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "मग प्रयत्न व्यर्थच की काय?" मुळीच नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने वेदना सोसून गुडघा वाकविण्याचा सराव केला नाही, तर तो सांधा आखडून बसतो. नांगरट केल्यावाचून पीक येत नाही. परंतु नांगरट करूनही पीक बुडाले, तर त्या शेतकऱ्यास आपण आळशी म्हणत नाही. हाच न्याय आपण रोग्यास का लावू नये?

जो परतला त्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु जो परतला नाही त्याच्या दुःखावर दोषाचे ओझे लादू नये. थांबण्याची वेळ ओळखून थांबणे यालाही धैर्य लागते. २०१८ साली लॅटिमोरच्याच विद्यापीठाने आपल्या तरुण खेळाडूंच्या जडणघडणीचे काम त्याच्याकडे सोपविले. खेळ गेला, परंतु माणूस निरुपयोगी झाला नाही.

म्हणून वाचकहो, पुढल्या वेळी दुखणेकऱ्याच्या खाटेशी बसाल तेव्हा त्यास बरे होण्याची अट घालू नका. "तू बरा हो अथवा न हो, आम्ही तुझेच आहोत," एवढे त्यास कळू द्या.