हे पाप कोणाचे?

मूल जन्मले आणि त्याची आतडी पोटाबाहेर, नाळेच्या पिशवीत दिसली, की बाजारहत्नूर असो वा दुसरे गाव, बोट प्रथम आईकडे वळते: ग्रहणात विळीवर बसली असेल! आम्हा विश्वासणाऱ्यांच्या घरी ग्रहणाच्या जागी 'पाप' येते, एवढाच फरक.

वस्तुतः गर्भाच्या ६ व्या आठवड्यात प्रत्येकाचेच आतडे बाहेर जाते. ते झपाट्याने लांबते, पोट तर यकृताने व्यापलेले; म्हणून ते नाळेत शिरते, वळत वळत एकंदर २७० अंश फिरते आणि १० व्या आठवड्याच्या सुमारास आत परतते. आपले परतले, क्वचित एखाद्याचे परतत नाही. आईला तर तेव्हा दिवस गेल्याची नुकती चाहूल लागलेली असते.

जन्मांधाविषयी शिष्यांनी हेच विचारले (योहान ९). प्रभूने त्याचे पापही नाकारले, आईबापांचेही. मग उदरात देवच घडवतो असे आपण शब्बाथशाळेत शिकवतो, ते या बालकाविषयीही म्हणावे काय? आम्ही होय म्हणतो. कारण मात्र सांगता येत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तेवढेच त्यांचे बरे झाले.

पिशवी स्वच्छ कापडाने झाकून, बाळाला उबेत ठेवून ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे लागते. दुसरे मोठे व्यंग नसल्यास शस्त्रक्रियेने पुष्कळ बालके वाचतात.