कुंपणातील दान

दानाला अट असू शकते काय? दिलेली वस्तू दात्याची राहत नाही, असे आपण म्हणतो. पण देताना त्याने काही सांगितले असेल, तर ते पाळणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते, असेही आपण मानतो. धर्मग्रामाच्या दप्तरातील जुनी दानपत्रे चाळताना हा पेच आमच्या मनात अनेकदा आला आहे. अमेरिकेतील मेकन शहराच्या एका बागेची कथा वाचली आणि तो किती खोल आहे, हे आम्हांस उमगले.

जॉर्जिया राज्यातील सिनेटर ऑगस्टस बेकन यांनी १९११ साली मृत्युपत्र करून आपली जमीन सार्वजनिक बागेसाठी मेकन शहराला ठेवली. बाग गोऱ्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी असावी आणि तिचा कारभार पाहणारे सातही जण गोरेच असावेत, अशी त्यांची अट होती. कृष्णवर्णीयांविषयी आपल्या मनात सद्भावनाच आहे, परंतु सामाजिक व्यवहारात दोन्ही वंश कायम वेगळे राहावेत असे आपले मत आहे, असा खुलासाही त्यांनी केला. आम्हांला हा खुलासा अटीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. द्वेष करणाऱ्याला आपल्या वागण्याविषयी कधीतरी शंका येईल. सद्भावनेने कुंपण घालणाऱ्याला ती कोठून यावी? त्यातच, ठरावीक वंशापुरती बाग अर्पण करण्यास राज्याच्या १९०५ च्या कायद्यानेच मुभा दिली होती.

बेकन १९१४ साली निवर्तले. त्यांची 'बेकन्सफील्ड' बाग आकारास आली. तिच्यावर सार्वजनिक पैसाही खर्च झाला. कित्येक वर्षे शहराने अट पाळली. पुढे राज्यघटनेपुढे असा भेद टिकणार नाही, हे ओळखून शहराने कृष्णवर्णीयांना आत येऊ दिले. तेव्हा, १९६३ साली, कारभारी मंडळातील काही जण न्यायालयात गेले. शहराला विश्वस्तपदावरून दूर करावे, अशी त्यांची मागणी होती. शहराने पद सोडले आणि खाजगी विश्वस्त आले. सरकारला जो भेद करता येत नाही तो खाजगी माणसांकरवी करावा, अशी ही युक्ती होती. १९६६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती धुडकावली. बाग ही पोलीस वा अग्निशामक दलासारखीच साऱ्या समाजाची सेवा आहे, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिले.

येथे कथा संपावयास हवी होती. परंतु अट पाळता येत नसेल तर दानच रद्द झाले, असे जॉर्जियाच्या न्यायालयाने ठरविले आणि जमीन बेकन यांच्या वारसांकडे गेली. मूळ हेतू तंतोतंत साधता येत नसेल, तर त्याच्या शक्य तितक्या जवळचा हेतू साधावा, असे तत्त्व विश्वस्त कायद्यात आहे. आपल्याकडील १९५० च्या कायद्यातही ते आले आहे. बागेला ते लावले गेले नाही, कारण दात्याच्या मते बागेइतकेच कुंपणही महत्त्वाचे होते! १९७० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी हा निर्णय उचलून धरला. बाग गेल्याने दोन्ही वंशांचे नुकसान सारखेच झाले, असे न्यायमूर्ती ब्लॅक यांचे म्हणणे होते.

सारखेच? एकाने पिढ्यान्‌पिढ्या सावली भोगली होती, दुसरा नुकताच कोठे फाटकातून आत आला होता. शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रियांपैकी जिचे मूल नव्हते, तीच म्हणाली होती, ना मला, ना तिला. तशा न्यायातही नुकसान दोघींचे सारखेच झाले असते. मॉण्टगोमेरी शहराने तर १९५९ पासून १९६५ पर्यंत आपल्या साऱ्या बागा बंद ठेवल्या. एकत्र बसावे लागू नये म्हणून बाकच नको! अशा बंद फाटकातून कृष्णवर्णीय बालकाला जे सांगितले जाते, ते गोऱ्या बालकाला सांगितले जात नाही.

मृत्युपत्रे वाटेल तशी वाकविली तर उद्या कोण दान देईल, ही शंका आम्ही हलकी मानीत नाही. विश्वासाने सोपविलेल्या शब्दाची किंमत पुरोहिताला ठाऊक असते. तरीही आम्हांस वाटते, की बेकन यांच्या मृत्युपत्रात दोन इच्छा होत्या: मुलांनी खेळावे आणि काही मुलांनी खेळू नये. यांपैकी एकच राखणे शक्य होते, आणि न्यायालयांनी जपली ती दुसरी.

ती तरी साधली काय? न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या विरोधी मतात नेमके हेच विचारले होते. त्या जागी नाट्यगृह बांधले, उपाहारगृह काढले, तरी कृष्णवर्णीयांना अडविता येणार नाही. चर्च उभे राहिले, तर तेथे मिश्र विवाहही लागतील. पुढे त्या जमिनीवर दुकाने उभी राहिली. तेथे सामान घ्यावयास कोणीही जाऊ शकत होते.