बर्फाचा मुहूर्त

जुलैतली रात्र. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरवर, ईस्टन हिमनदीच्या काठी लावलेल्या तंबूतून आत्या आणि भाचा दोन वाजता बाहेर पडले. आत्या तीस वर्षं सिएटलमध्ये राहणारी. हा डोंगर तिने स्कीवरून कितीदा तरी उतरला होता. भाचा नाशिकचा, सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेला, दोनच हिवाळे स्की शिकलेला.

३२८६ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी भर उन्हाळ्यातही पांढराशुभ्र असतो. १९९८-९९च्या हंगामात जवळच्या स्की केंद्रावर जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला होता. वर्षानुवर्षांचा बर्फ साचून, दबून हिमनदी होते. ती उतारावरून संथ सरकते आणि सरकताना तिला खोल भेगा पडतात. हिवाळ्यातला बर्फ त्या भेगांवर कमानीसारखा धरला की पूल तयार होतो.

तंबूपासून थोड्या अंतरावर असाच एक पूल लागला. आत्याने काठी रोवून पाहिली. रात्रीच्या थंडीने बर्फ दगडासारखा झाला होता. कमरेला दोर बांधून, एकेक करून दोघं पार झाले. पुढे रोमन वॉलचा उभा चढ आला, तेव्हा स्की पाठीवर बांधल्या आणि बुटांना लोखंडी काटे लावले. शेजारच्या शर्मन विवरातून गंधकाचा वास येत होता. आठ वाजता दोघं माथ्यावर पोहोचले.

भाच्याने लगेच स्की पायात चढवल्या. "चल आत्या, निघूया!"

आत्याने बर्फावर टाच आपटली. टक्क आवाज आला. "काच आहे ही. इथे पाय सुटला तर थेट खाली. बस जरा."

दीड तास गेला. भाच्याची चुळबुळ चालली होती. आत्या भित्री झाली, असं त्याला वाटू लागलं. साडेनऊला तिने पुन्हा टाच मारली. ती बोटभर रुतली. रात्री गोठलेला आणि उन्हाने वरवर सुटलेला बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार झाला होता.

"आता," आत्या म्हणाली.

पुढची काही मिनिटं भाचा जन्मभर विसरणार नव्हता. स्की वळली की दाणे सळसळत खाली धावायचे, खाली सगळं खोरं उघडं, अंगावर ऊन. रोमन वॉल उतरून तो थांबला तो ओरडतच. "आत्या, आणखी एकदा! तासाभरात परत वर जाऊ. बर्फ बघ कसा आहे!"

"बर्फ छान आहे म्हणूनच निघायचं."

"एकदाच गं!"

"अरे, वरचा बर्फ छान झालाय, म्हणजे खालचा आता मऊ पडत असणार. आणि पूल खाली आहे."

भाचा रुसून तिच्या मागून निघाला. पुलापाशी आत्याने पुन्हा काठी रोवली. पहाटेपेक्षा ती खोल गेली. पुन्हा दोर, पुन्हा एकेक जण. पूल धरून राहिला. 'उगाच घाबरली,' भाचा मनात म्हणाला.

दुपारी तंबूपाशी चहा होत होता. एकाएकी हिमनदीकडून धप्प असा दबका आवाज आला. भाच्याने वर पाहिलं. स्कीच्या रेघा उतारावरून नागमोडी येत होत्या आणि एका निळ्या-काळ्या पोकळीच्या कडेला तुटत होत्या. पोकळीच्या अलीकडून त्याच रेघा पुन्हा सुरू होऊन तंबूपर्यंत आल्या होत्या.

तो बराच वेळ त्या तुटलेल्या रेघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, सकाळी तू थांबवलंस आणि नंतर घाई केलीस. मला वाटलं, तुझं मन ठरत नाहीये."

आत्याने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "दोन्ही वेळा मी बर्फालाच विचारलं, बाळा. सकाळी तो 'अजून नाही' म्हणाला. नंतर म्हणाला, 'आता पुरे.' पहिलं ऐकायला धीर लागतो. दुसरं ऐकायला त्याहून जास्त, कारण तेव्हा आपण आनंदात असतो."

तात्पर्य : मुहूर्ताची वाट पाहणं अवघड, पण गोडी जिभेवर असताना पानावरून उठणं त्याहून अवघड. ज्याला दोन्ही साधतं, तो घरी पोहोचतो.