मागचे इंजिन

मननासाठी: मार्क ६:३०–३२, गीतरत्न १:६



दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलाबाळांसह कल्याणाहून लोणावळ्यापर्यंत आगगाडीने जाऊन आलो. प्रवास म्हटला तर अगदी थोडा. सकाळी निघालो व दिवेलागणीच्या सुमारास परत आलो. परंतु त्या एका दिवसाने आमच्या अंतःकरणास जो बोध केला, तो आपल्यापुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आमचा दोष कबूल करतो. हा प्रवास आम्ही मुलांस तीन वर्षांपूर्वीच कबूल केला होता. पहिल्या वर्षी एका घरी मयत झाली, दुसऱ्या वर्षी मंदिराच्या छपराचे काम निघाले, तिसऱ्या वर्षी सभा आली. कारणे सगळी खरी होती. यंदा निघण्याच्या आदल्या रात्री एक बंधू आले व म्हणाले, "पाळकसाहेब, उद्या आमच्या घरी साखरपुडा आहे; प्रार्थनेस आपणच यावे." आमच्या तोंडून होकार निघणार, तोच नजर आतल्या खोलीकडे गेली. मुलांची आई भरलेली पिशवी मुकाट्याने रिकामी करीत होती, आणि आमची नऊ वर्षांची मुलगी तिला म्हणत होती, "आई, राहू दे. मला ठाऊकच होते." ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. बापाच्या शब्दावरचा तिचा भरवसाच उडाला होता, हे पाहून आम्ही लज्जित झालो. मंडळीच्या वडिलांपैकी कोणी ती प्रार्थना चालवावी, अशी आम्ही त्या बंधूंस विनंती केली. ती उत्तम प्रकारे झाली, असे मागाहून कळले. आमच्यावाचून प्रभूचे काम अडले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी कर्जतास थांबली असता मागून एक हलका धक्का बसला. मुलाने विचारले, "बाबा, इंजिन तर पुढे आहे, मग धक्का मागून कसा?" कर्जतापुढे बोरघाट लागतो. तेथे काही ठिकाणी चढ असा आहे की, सदतीस फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर जाते. पुढच्या इंजिनाचे बळ एकट्याने पुरत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांच्या शेवटी जादा इंजिने जोडतात. रेल्वेचे लोक त्यांस बँकर म्हणतात. ती मागून रेटा देत गाडी घाटमाथ्यावर पोहोचवितात. लोणावळ्यास त्यांस सोडतात, आणि ती दुसऱ्या गाडीच्या सेवेसाठी पुन्हा खाली उतरतात. मुले फलाटाच्या टोकापर्यंत धावत जाऊन ती इंजिने पाहून आली. इतर उतारू मात्र चिक्की घेण्याच्या घाईत होते.

या लोहमार्गाची हकीकतही अशीच आहे. १८५६ साली घाटाचे काम सुरू झाले व १८६३ साली मार्ग खुला झाला. हजारो मजुरांनी कातळ फोडून बोगदे पाडिले. कित्येक पटकीने व अपघातांनी मेले. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचे ठेकेदार इंग्लंडाहून हे काम करावयास आले आणि थोड्याच काळात मरण पावले. तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस यांनी धीर न सोडता कुशल माणसे नेमून ते काम तडीस नेले. आज डब्यात बसून बोगदे मोजणाऱ्यांपैकी किती जणांस त्या बाईंचे नाव ठाऊक असेल?

डब्यात समोर बसलेल्या मुलांच्या आईकडे आम्ही पाहिले. मंडळीत लोक आमचे नाव घेतात. पण पहाटे उठून आम्हांस भाकरी बांधून देणारी, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा चूल पेटविणारी ही. चढावर आमचा श्वास कोंडला तेव्हा हिच्याच रेट्याने आम्ही वर आलो. तरी कृतज्ञतेचा एक शब्द आम्ही कधी उच्चारला होता काय?

गीतरत्नात एक जण खेद करते की, दुसऱ्यांचे द्राक्षमळे राखता राखता तिचा स्वतःचा मळा राखावयाचा राहून गेला. सेवकजनहो, हा खेद आपलाही नव्हे काय? प्रेषित सेवेहून परतले तेव्हा माणसांची ये-जा इतकी होती की, त्यांस जेवावयासही सवड मिळेना. तेव्हा प्रभूने त्यांस अधिक काम न सांगता एकांती विसावा घेण्यास बोलाविले. कोणी म्हणेल, लोकसमुदाय तेथेही आला व प्रभूने त्यांचा कळवळा केला. खरे आहे. गरज दारी आली तर तिला पाठ दाखवू नये. परंतु प्रत्येक बोलावणे ही गरज नसते. कित्येकदा आपल्यावाचून चालणार नाही हा आपला अभिमानच आपल्यास हाक मारीत असतो. तो अभिमान सेवेचे वस्त्र पांघरून येतो, म्हणून ओळखू येत नाही.

हा बोध केवळ पाळकांसाठी नाही. शेतात, गिरणीत किंवा कचेरीत राबणाऱ्या बंधूंनो, आपल्या संसाराच्या गाडीमागे कोण रेटा देत आहे, हे मागे वळून पाहा. भाड्यास पैसे नसतील तर चिंता नाही. भाकरी बांधून घरच्यांसह नदीकाठी जा, मुलांचे बोलणे ऐका, आणि दिलेला शब्द पाळा. कारण मूल 'पिता' या शब्दाचा अर्थ प्रथम आपल्याच घरी शिकते. आपल्या बापाच्या शब्दावर ज्याचा भरवसा बसला नाही, त्याने स्वर्गातील पित्याच्या वचनावर तो कसा ठेवावा?

परतीच्या वाटेवर मुलगी आमच्या खांद्यावर डोके टेकून झोपली. झोपण्यापूर्वी तिने विचारले, "बाबा, पुढच्या वर्षीही जाऊ या ना?" तिने पुन्हा मागावयास आरंभ केला, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानिले. हा शब्द पाळावयास तो आम्हांस साहाय्य करो, व आपणां सर्वांच्या घरी त्याची शांती राहो. आमेन.