माळकऱ्याचा पहारा

"महाराज, गळ्यात माळ घातली; आता त्या राजकारणाच्या चिखलात पाय कशाला घालावा?" असे ब्रह्मपुरीकडील भाविक आम्हांला पुष्कळदा विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पण बापहो, सप्ताहात वीणा खाली ठेवता येत नाही. मध्यरात्रीचा पहारा कोणाला गोड लागतो? तरी ज्याची पाळी त्याला उठावेच लागते. गावकारभाराची वीणाही अशीच. आपण हात मागे घेतला म्हणजे ती जमिनीवर पडत नाही, भलत्याच्याच गळ्यात जाते.

वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभा हात मोजून निर्णय करीत नाही. सर्वांचे एकमत होईतो बोलणे चालते, आणि बायाही बरोबरीने बसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने २००९ साली त्या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू नेण्याचे परवाने स्वतःच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. कागद मिळाला म्हणून मंडळी घरी जाऊन निजली असती तर?

कीर्तनाची गादी पक्षाला द्या, असे आम्ही म्हणत नाही. मृदंगाशेजारी पत्रके ठेवणारे आम्हांला मुळीच खपत नाहीत. पण वर्षाच्या एकादश्या चोवीस, आणि ग्रामसभा कायद्याने किमान चार! एवढ्यालाही सवड नसेल, तर पुढे रस्त्याच्या अन् रेशनच्या नावाने बोटे मोडू नयेत. येत्या सभेला जमाखर्चाची वही मागा, आणि घरच्या बाईला संगे न्या. पाण्याचा हिशेब तिलाच ठाऊक असतो.